मूड डिसऑर्डर आणि चित्रं, गोष्टी, सिनेमा : उपचार की नुसता विरंगुळा? (नागपूरकरांनो, अनुभव सांगा)

शेवंती
माझ्या धाकट्या भावाला बायपोलर आहे, म्हणजे मन कधी अति चढतं, कधी नैराश्यात जातं. गोळ्या नियमित चालू आहेत, रक्ततपासणी वेळेवर होते. मोठा 'हाय' (उन्माद) बऱ्याच दिवसांत आलेला नाही, पण नैराश्य मात्र आलं की मुक्काम ठोकून बसतं. आंघोळीला उठवायचं म्हणजे सकाळ जाते.

आता त्याच्या डॉक्टरांनी सुचवलंय की औषधांसोबत एका गटात जा. तिथे चित्रं काढतात, गोष्टी वाचतात, अधूनमधून सिनेमा बघून त्यावर बोलतात. भाऊ म्हणतो, मला शाळेत चित्रकलेत काठावर पास करायचे, मी तिथे काय दिवे लावू? आई म्हणते, रंगपेटीनं बरं वाटत असतं तर एवढ्या गोळ्या कशाला गिळल्या असत्या. बाबा काहीच म्हणत नाहीत, ते उठून कूलरमध्ये पाणी भरतात.

खरंच उपयोग होतो का, की मन रमवायचा प्रकार आहे? कुणी स्वतः गेलं असेल किंवा घरातलं कुणी जात असेल तर लिहा.

तर्रीबाज
बाबांना पहिले न्या गटात. मे महिन्यात नागपुरात कूलर भरणे ही पण थेरपीच आहे, फक्त पाइप लीक नको.

खडूस_काका
सध्या जो उठतो तो थेरपिस्ट. शनिवार-रविवारची कार्यशाळा केली, भिंतीवर सर्टिफिकेट टांगलं, झालं. माझ्या भाचीला डिप्रेशन होतं तेव्हा अशाच एका ठिकाणी नेलं होतं. पहिल्याच दिवशी तिला झाड काढायला लावलं आणि 'खोड बारीक आहे, म्हणजे आत्मविश्वास कमी' असं निदान करून मोकळे. फी घेतली ती घेतली, वर 'गोळ्या हळूहळू बंद करू' हा सल्ला फुकट. पोरीनं त्यानंतर पेन्सिल हातात धरली नाही.

हा आजार मेंदूचा आहे ना? मग त्यात रंगीत खडूंचं काम काय, हे मला कुणीतरी नीट समजावून सांगा. 'सकारात्मक ऊर्जा' हा शब्द न वापरता.

निमपान
मी मनोविकारतज्ज्ञ आहे. सरकारी नोकरी, त्यामुळे इथे कुणाच्या क्लिनिकची जाहिरात होणार नाही.

काका, तुमचा राग रास्त आहे. चित्रावरून निदान सांगणारा भेटला तर उठून यावं. डॉक्टर नसताना गोळ्या कमी करायला सांगणारा भेटला तर धावत यावं.

आता पुरावा. डिप्रेशनमध्ये नेहमीच्या उपचारांना संगीतोपचाराची जोड दिली तर निदान थोड्या काळासाठी जास्त फरक पडतो, असं २०१७ च्या कोक्रेन आढाव्यात (म्हणजे झालेले अभ्यास एकत्र तपासून काढलेल्या निष्कर्षात) दिसलं. पण त्यात अभ्यास होते ९ आणि माणसं ४२१. नृत्य-हालचाल उपचारांवरचा २०१५ चा आढावा तर ३ अभ्यासांवर आणि १४७ माणसांवर उभा होता, त्यातून ठाम काही निघालं नाही. स्किझोफ्रेनियासाठी (भास-भ्रमांचा आजार) चित्रगटांची मोठी चाचणी ब्रिटनमध्ये झाली, ४१७ रुग्ण. २०१२ साली निकाल आला की फरक नाही. मात्र त्यात बरेच जण गटाकडे फारसे फिरकलेच नव्हते. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये तीन हजारांवर अभ्यास चाळून कलेची मदत होते असं म्हटलंय, पण ते अभ्यास सगळे एका तोलाचे नाहीत. थोडक्यात, जोड म्हणून आशा आहे. औषधाला पर्याय म्हणून, विशेषतः बायपोलरमध्ये, अजिबात नाही.

खडूंचं काम काय? डिप्रेशनमधला माणूस 'इच्छा झाली की करीन' म्हणून थांबतो, आणि इच्छा होणं हेच तर आजारानं बंद केलेलं असतं. म्हणून आम्ही क्रम उलटा करतो. आधी हातपाय हलवायचे, इच्छा मागाहून आली तर आली. ठरलेल्या वारी घराबाहेर पडणं, चार माणसांत बसणं, हाताला काम असणं, यातलं प्रत्येक पाऊल मोजण्यासारखं आहे. चित्र कसं आलं ते गौण.

व्यवस्थापक
धागा चांगला चालू आहे. औषधांचे डोस इथे लिहू नयेत, लिहिल्यास प्रतिसाद अप्रकाशित होईल. स्वतःला इजा करण्याचे विचार येत असतील तर प्रतिसादांची वाट बघू नका, टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे, चोवीस तास चालू, मराठीत बोलता येतं.

मृण्मयी_क
मला डिप्रेशनचे झटके येतात. पुन्हा पुन्हा येणारा प्रकार. अशा गटात मी जात होते, म्हणून सविस्तर लिहिते.

सुरुवातीला चित्र असं काही नव्हतंच. चौकटी आखलेला कागद आणि तेलखडू. दिवसाचे तीन भाग, प्रत्येकात त्या वेळचा रंग भरायचा. का, कसा, कुणी विचारत नसे. मला हे इतकं बालिश वाटलं की रागानं काळा घासायचे. फॉलोअपला तो कागद सहज पर्समधून निघाला. डॉक्टरांनी बघितला आणि म्हणाले, सकाळच्या सगळ्या चौकटी गडद आहेत, संध्याकाळच्या नाहीत. तोवर मी दर वेळी 'बरं आहे' एवढंच सांगत होते, कारण अपॉइंटमेंट असायची संध्याकाळी, आणि संध्याकाळी मला खरंच त्यातल्या त्यात बरं असायचं. सकाळी सगळ्यात वाईट वाटणं हे या आजाराचं नेहमीचं लक्षण असतं, हे मला तेव्हा कळलं. पुढचे उपचार त्या कागदावरून ठरले.

शेवंती, भावाला सांगा की गटात खरा छळ ज्याला चित्रं येतात त्याचा होतो. आमच्यात कमर्शियल आर्ट शिकलेल्या एक ताई होत्या. त्या नुसतं खोडत बसायच्या. शेवटी त्यांच्या हातात माती दिली, मग जरा जमलं.

रेषाविशेष
चित्रकला शिक्षक, निवृत्त. निमपान, 'चित्र कसं आलं ते गौण' हे मला पटलं नाही, आणि मी पोरांच्या हजार वह्या तपासलेल्या आहेत म्हणून बोलतो. 'आर्ट थेरपी' हे नाव १९४२ मध्ये ज्यानं रूढ केलं तो एड्रियन हिल स्वतः चित्रकार होता, टीबीच्या सॅनेटोरियममध्ये पडल्या पडल्या चित्रं काढत होता. त्याला चित्र गौण वाटलं असेल असं वाटत नाही.

माझ्या ओळखीचा एक तरुण आहे, डिप्रेशनचाच. गटात जायचा, तिथे काहीही केलं तरी 'वा, किती छान!' मोठ्या माणसाला बालवाडीत बसवल्यासारखं. तो जायचा बंद झाला. नंतर महाल भागातल्या चितार ओळीत एका मूर्तिकाराकडे कामाला लागला. तान्ह्या पोळ्याच्या आधी लाकडी नंदी रंगवायचे, मग गणपती, मग देवी. तिथे कुणी वा-वा करत नाही. डोळा वाकडा झाला तर मूर्तिकार शिवी देतो आणि पुसायला लावतो. पण सरळ आला तर गिऱ्हाईक पैसे मोजून घेऊन जातं. गोळ्या त्याच्या चालूच आहेत. पण हातानं नीट काहीतरी होतंय, ही जी गोष्ट आहे ना, ती कौतुकानं येत नाही.

मृण्मयी_क
सर, मान्य. पण तो शिवी ऐकण्याइतका सावरलेला होता तेव्हा गेला. मी ज्या अवस्थेत होते तेव्हा मूर्तिकारानं पुसायला लावलं असतं तर मी घरी येऊन महिनाभर उठले नसते. दोन्ही लागतं, फक्त वेळ वेगळी.

तर्रीबाज
आणि 'वा छान' म्हणणाऱ्यांना पण शिवी देणारा एक मूर्तिकार लागतो.

झाडीवाला
राजेहो, मी झाडीपट्टीतला, म्हणजे पूर्व विदर्भातला. वडसा माहीत असंल तुमाले, नाटक कंपन्यांचं गाव. दिवाळी झाली की मंडई, शंकरपट आणि रातभर नाटक. रात्री उशिरा पडदा उघडते, उजाडेपर्यंत चालते. मी लहानपणापासून करून राहिलो. मले पण बायपोलर आहे, हे आता चारचौघात सांगतो.

नाटकानं मले वाचवलं असं मी लोकायले सांगत होतो. स्टेजवर दारुड्या बापाचं काम करताना जे रडायला येते ते घरी येत नाही. पण डॉक्टरनं विचारलं, तुझे झटके कोणत्या महिन्यात येतात? डोकं लावून बघितलं तर सारे सीझनमध्ये. कारण झोप. चार-चार रात्री जागरण, दिवसा गाडीत डुलक्या. आता मी पार्ट करत नाही, तालमी घेतो. दिवसाच्या तालमी. काऊन सोडलं म्हणून कंपनीवाले नाराज आहेत, पण मागचा सीझन दवाखान्याबिगर गेला.

निमपान
झाडीवाला भाऊंनी माझं अर्धं काम केलं. बायपोलरमध्ये झोप तुटणं हे उन्मादाचं लक्षणही असतं आणि कारणही. म्हणून कला कोणती यापेक्षा ती किती वाजता, हे मी आधी विचारतो. नैराश्यात आम्ही माणसाला ढकलत ढकलत कामाला लावतो. तोच माणूस चढायला लागला की उलट, कमी प्रकाश, कमी माणसं, कमी रंग. रात्रभर जागून चित्रांमागून चित्रं काढतोय आणि थकत नाही, हे दिसलं तर प्रदर्शन भरवू नका, डॉक्टरांना फोन करा.

वेदिका७
हे वरचं वाक्य छापून फ्रिजला लावावं. माझा नवरा हायमध्ये असला की लिहितो. वह्यांवर वह्या. सुरुवातीला पानं खरंच वाचण्यासारखी असतात, नंतर नंतर एका वाक्यात तीन विषय. नातेवाईक म्हणतात, प्रतिभा आहे, गोळ्यांनी मारू नका. आणि त्यालाही तेच वाटतं. लिथियमनं (बायपोलरवरचं औषध) आपलं लिहिणं जाईल या भीतीनं त्यानं पूर्वी गोळ्या परस्पर सोडल्या होत्या. पुढचं सांगत नाही.

निमपान
वेदिकाताई, ही भीती फार जुनी आहे. डेन्मार्कच्या मोगेन्स शाऊ या डॉक्टरांनी १९७९ मध्ये लिथियमवर असलेल्या २४ कलावंतांना हेच विचारलं होतं. १२ जण म्हणाले काम वाढलं, ६ जण म्हणाले फरक नाही, ६ जण म्हणाले कमी झालं. म्हणजे भीती अगदी खोटी नाही, पण बहुतेकांच्या बाबतीत खरी ठरत नाही. कमी झालं वाटलं तर डॉक्टरांशी बोलून मार्ग निघतो, परस्पर सोडून नाही.

नागपूरकरांसाठी एक जास्तीची सूचना: लिथियम चालू असेल तर उन्हाळ्यात पाणी आणि मीठ यांची हेळसांड नको. घाम जाऊन शरीर कोरडं पडलं की रक्तात लिथियमचं प्रमाण वाढतं. हात जास्त थरथरणं, उलट्या-जुलाब, तोल जाणं असं दिसलं तर थांबू नका. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या सगळ्यात तापलेल्या नऊ दिवसांत, दुपारी बाराला गट भरवणाऱ्यांना हे कुणीतरी सांगायला हवं.

अनुस्वार
गोष्टींबद्दल कुणी बोलत नाहीये म्हणून लिहितो. मी एका वाचनगटाला मदत करतो. सगळे उपचार घेणारे, कुणी डिप्रेशन, कुणी बायपोलर. पुस्तक घरी देऊन 'वाचून या' हे चालत नाही, कारण नैराश्यात तेच पान चारदा वाचूनही डोक्यात उतरत नाही, आणि मग 'मला आता वाचताही येत नाही' हे नवं दुःख. म्हणून आम्ही मोठ्यानं वाचतो. छोटी गोष्ट, दोन-तीन पानांवर थांबतो, मग 'या बाईनं असं का केलं असेल?' एवढाच प्रश्न. लोक त्या बाईबद्दल बोलतात. खरं तर कुणाबद्दल बोलतात ते सगळ्यांना कळतं, पण कुणी बोलून दाखवत नाही.

सिनेमाचंही तसंच. 'कासव' आम्ही दाखवला, सुमित्रा भावे-सुनील सुकथनकर यांचा. राष्ट्रीय पुरस्कारांत सुवर्णकमळ मिळालेला, आणि निर्माते डॉ. मोहन आगाशे स्वतः मनोविकारतज्ज्ञ. त्यातली जानकी आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या एका मुलाला घरी आणते आणि प्रश्न विचारत नाही. कोण, कुठला, का केलंस, काही नाही. सिनेमा संपल्यावर एक गृहस्थ, मुलाला घेऊन आलेले, बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, 'आम्ही तर रोज विचारतो.' मुलगा शेजारीच बसला होता. बापलेकांत त्या विषयावर त्या आधी कधी बोलणं झालं नव्हतं. पडद्यावरच्या माणसाचं निमित्त झालं म्हणून झालं.

पुणेरी_चष्मा
चांगला आहे, पण सगळ्यांना झेपत नाही. संथ आहे.

तर्रीबाज
पुण्याच्या माणसाला संथ वाटला म्हणजे विषयच संपला.
बाकी हिंदी सिनेमात डिप्रेशन दाखवायचं म्हणजे खिडकी, बाहेर पाऊस, हातात कॉफी. आमच्याकडे खिडकीत कूलर बसवला आहे. पाऊस बघायचा कुठून? डिप्रेस व्हायची पण सोय नाही बे.

प्रतापनगरी
टीव्हीवरच्या मालिकांचं काय करायचं ते सांगा. त्यात मनोरुग्ण म्हणजे केस पिंजारलेला, सुरी घेऊन फिरणारा. आपल्याकडचं प्रादेशिक मनोरुग्णालय १८६४ चं. एवढ्या वर्षांत आपण काय शिकलो? तिकडच्या चौकाला अजून 'पागलखाना चौक' म्हणतात. माझ्या मावशीला फॉलोअपला न्यायचो तेव्हा ऑटोवाल्याला चौकाचं नाव न सांगता 'छिंदवाडा रोड' म्हणायचो, आणि मागे बसून ती हसायची.

निमपान
मालिकांचा मुद्दा बरोबर. आणि चांगला सिनेमाही प्रत्येक वेळी चांगला नसतो. आत्महत्या तपशिलानं दाखवणारं काही असेल तर मी नाजूक अवस्थेतल्या पेशंटला नको म्हणतो, पुरस्कार कितीही मिळालेले असोत. याची उलट बाजूही आहे. मोत्झार्टच्या एका ऑपेरात पापागेनो जीव द्यायला निघतो आणि तीन मुलं त्याला दुसरा मार्ग सुचवतात. २०१० मध्ये व्हिएन्नातल्या संशोधकांनी ऑस्ट्रियातल्या वृत्तपत्रांच्या बातम्या तपासल्या. ज्या बातम्यांत माणूस त्या विचारातून बाहेर कसा पडला हे सांगितलं होतं, त्यांच्यानंतर आत्महत्यांचं प्रमाण घटलेलं दिसलं. तेव्हापासून याला पापागेनो परिणाम म्हणतात. गट चालवणाऱ्यानं सिनेमा निवडताना आधी स्वतः शेवटपर्यंत बघितलेला असावा, एवढी तरी अपेक्षा.

टपालपेटी
डायरी लिहिणं यात येतं का? मला सगळे डायरी लिही म्हणाले. मी लिहायला लागलो तर रोज तेच तेच उगाळत बसलो, जास्तच बुडालो.

अनुस्वार
येतं, पण मोकाट नाही. मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनबेकर यांचा मनातलं लिहून काढण्याचा १९८६ चा मूळ प्रयोग चार दिवसांचा होता, रोज पंधरा मिनिटं, मग बंद. रोज रात्री दार लावून तासभर लिहिणं हा प्रकार त्यात नव्हता. आणि ते निरोगी विद्यार्थी होते. तुम्ही थांबलात ते ठीकच. कुणाला तरी पत्र लिहिल्यासारखं लिहून बघा, किंवा तिसऱ्याच माणसाची गोष्ट म्हणून.

रेषाविशेष
एक सुचतंय. आपल्याकडे मारबत आहेच की! पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी अख्खं नागपूर 'इडा पिडा घेऊन जा गे मारबत' ओरडतं. काळी, पिवळी, वर दरवर्षीचे नवे बडगे, म्हणजे पुतळे. महागाई असो, साथ असो, नाहीतर कुणी पुढारी, जे छळतं त्याचा पुतळा करायचा, मिरवायचा आणि जाळायचा. शंभराहून जास्त वर्षं एक शहर हे करतंय. गटात प्रत्येकानं आपापल्या आजाराचा बडग्या करावा. कागद, बांबू, खळ. विषय तयार आहे, सामान इतवारीत मिळतं.

वेदिका७
सर, कल्पना मस्त, पण जाळायचं नको. आमचा आजार जाळून जात नाही. जाळला म्हणून टाळ्या वाजवायच्या आणि पुढच्या झटक्याला माणूस म्हणणार, माझ्यातच खोट. मी हे एका शिबिरात प्रत्यक्ष बघितलं आहे, 'नकारात्मकता' चिठ्ठीवर लिहून जाळली, घरी आल्यावर आठवड्यात पुन्हा तेच.

झाडीवाला
ताई, मारबत पण दरवर्षीच काढतेत न. एकदा जाळली म्हणून पुढच्या वर्षी कोणी म्हणते का, आता काहाले काढता?

वेदिका७
😄 भाऊ, हे मात्र घेतलं.

खडूस_काका
सगळं वाचलं. मारबतीपर्यंत आलात, आनंद आहे. पण शेवंतीबाईंनी विचारलं होतं की जावं की नाही, आणि जायचं तर माणूस खरा की भोंदू हे ओळखायचं कसं. त्यावर कुणी सरळ बोलेल का?

निमपान
बोलतो. गट घेणारी व्यक्ती तुमच्या डॉक्टरांशी बोलायला तयार आहे का, हे पहिलं विचारा. 'त्याची गरज नाही' म्हणाली तर विषय संपला. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवत असेल तर पुनर्वास परिषदेचा, म्हणजे आरसीआयचा, नोंदणी क्रमांक मागा, त्यात अपमान काही नाही. कुणी एकदम रडायला लागलं, कुणी चढायला लागलं तर काय करता, असं विचारा. उत्तर ठोस यायला हवं. गटात काढलेली चित्रं कुणाच्या मालकीची, त्यांचे फोटो फेसबुकवर टाकता का, हेही. नागपूर लहान आहे, चित्राखाली नाव नसलं तरी लोक ओळखतात. आणि 'बरा करून देतो' हा शब्द आला की चप्पल घालायची.

डॉक्टरांनी स्वतः सुचवलंय आणि भाऊ सध्या नैराश्याच्या बाजूला आहे, तर माझ्या मते जावं. काही आठवडे जाऊन मग ठरवावं. पहिल्या दिवशी कंटाळा येणारच, त्यावरून निकाल नको.

मृण्मयी_क
आणि तुम्ही आत बसू नका, बाहेर थांबा. घरचं माणूस समोर असलं की आम्ही घरच्यासारखंच वागतो.

शेवंती
सगळ्यांचे मनापासून आभार. फोन करून विचारलं. गट घेणाऱ्या बाई डॉक्टरांशी बोलतात, फोटो काढत नाहीत. वेळ मात्र दुपारी साडेबाराची होती. निमपान यांचं वाचून मी सांगितलं की भाऊ लिथियमवर आहे, मेमध्ये या वेळी येणं कठीण. त्या म्हणाल्या, आणखी दोघांची तीच अडचण आहे, संध्याकाळी साडेपाचची दुसरी बॅच बघू. भावाला चित्रापेक्षा वाचनाचं बरं वाटतंय. सिनेमाच्या दिवशी घरच्यांना बोलावतात, बाबा येईन म्हणालेत. आई अजून नाही म्हणतेय.

अनुस्वार
संध्याकाळ म्हणजे मेट्रोनंही सोपं. वाचनाच्या दिवशी त्याला मागे बसू द्या, पहिल्या वेळी वाचायला लावत नाहीत.

खडूस_काका
बाईंचा नंबर इथे लिहू नका, पण मला व्यनि (खाजगी निरोप) करता येईल का? भाचीला विचारून बघतो. मातीकाम असेल तर सांगा. झाड काढायला ती बसायची नाही.